चाळून दिलेले निरोप

आक्काच्या तोंडी लागू नये असं जो तो म्हणायचा, आणि म्हणणारा प्रत्येक जण एकदा तरी तिच्या तोंडी लागून पोळलेला असायचा. पेंडवाला पोळला होता, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर पोळला होता. गोठ्याचं दार बसवायला आलेला सुतार तर हातोडी तिथेच टाकून गेला आणि ती परत न्यायला त्याने बायकोला पाठवलं. आक्काला याचं काही वाटत नसे. लोक मूर्ख असतात आणि त्यांना ते कुणीतरी सांगायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

गोठ्यातली वैरण ती सांभाळायची. सांभाळायची कसली, राज्य करायची. लांबलचक गोठा, दोन्ही बाजूंना गाईंच्या रांगा, मधून जायची वाट आणि वाटेच्या टोकाला वैरणीची खोली. खोलीत मुरघासाचा, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याचा, आंबूस वास, पेंडीची पोती, दाण्याच्या भरड्याची पत्र्याची पिंपं, वाळल्या गवताचे छताला टेकलेले भारे. त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली आक्काच्या कमरेला. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, तेव्हा आईने काही न विचारता ही किल्ली तिच्या हातात दिली होती. पुढे आई गेली, किल्ली राहिली. या घरात आपण नक्की कोण, असा प्रश्न आक्काला पडलाच, तर ती कमरेला हात लावून बघायची.

उरलेलं राज्य धाकट्या भावाचं. त्याला सगळे मालक म्हणत. कुठली गाय कधी भरवायची, कुठल्या वळूचं रेत आणायचं, कुठली कालवड ठेवायची आणि कुठली विकायची, हे तो ठरवायचा. त्याला गाय हवी उंच, लांब, खोल पोटाची, आणि कास अशी की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. वळूंच्या फोटोंची चोपडी घेऊन तो तासन् तास बसे. स्वतःच्या लग्नाच्या वेळी मुली बघतानासुद्धा याने इतकी चिकित्सा केली नव्हती, असं आक्का म्हणायची. ते भावजयीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नसत. कारण एका वाक्याचं होतं. घरी पाहुणे आलेले, चहात साखर कमी पडली म्हणून आक्काने भावजयीला चारचौघांत फैलावर घेतलं, आणि मालक हसत हसत पाहुण्यांना म्हणाला, "हिला सासरी कुणी खपवून घेतलं नाही. गाई खपवून घेतात, कारण त्यांना बोलता येत नाही."

पाहुणे खो खो हसले. आक्काने हातातला कप खाली ठेवला आणि त्या दिवसापासून भावाशी अबोला धरला. मालकानेही समजूत काढली नाही. दोघंही बापावर गेलेले. बापाने एकदा शेजाऱ्याशी वैर धरलं ते असं, की शेजारी मेला तरी हा खिडकीशी आला नाही. एकाच छपराखाली, एकाच मोरीत तोंड धुवून, एकाच गोठ्यात राबून ही भावंडं वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहत राहिली.

पण गोठा अबोल्यावर चालत नाही. आज किती दूध निघालं, कुठली गाय माजावर आलीय, पेंड संपत आलीय, हे कुणीतरी कुणाला तरी सांगावं लागतंच. ते काम मिठ्ठूकडे आलं. मिठ्ठू हा दूध काढणारा जुना गडी. खरं नाव काहीतरी वेगळंच होतं, पण बोलणं इतकं गोड की हे टोपणनाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. भांडणाचा आवाज ऐकला की तो कान झाकून घ्यायचा. तो बादली घेऊन गोठ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा आणि जाताना निरोप न्यायचा.

आक्काचे निरोप लांबलचक असत. "त्या मुडद्याला सांग," इथून सुरुवात व्हायची. उलट मालकाकडून यायचे ते निरोप मात्र एका ओळीचे. "मालक म्हणाले, पेंड मागवलीय." "मालक म्हणाले, उद्या डॉक्टरीणबाई येणार आहेत." आक्काचा त्यानेच अधिक संताप व्हायचा. आपण एवढं घसा फोडून बोलावं आणि याने साहेबासारखं एका वाक्यात वाटेला लावावं! शिवी द्यायचीही याला आपली लाज वाटते, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

तिच्या आवडत्या गाईचं, नखरीचं, सगळं घराणंच पोटाने नाजूक होतं. आजीचं पोट व्यायल्यावर सरकलं होतं, आईचंही सरकलं होतं. त्या आईला माज आला तेव्हा आक्काने मिठ्ठूला उभं करून निरोप दिला होता, "त्या मुडद्याला सांग, हिच्या आईचं पोट शिवलंय, हिचंही शिवलंय. असल्या गाईला तो खोल पोटाचा वळू लावशील तर होणारी कालवडही तशीच निपजेल. एवढी अक्कल नसेल तर चोपडी चुलीत घाल म्हणावं." आणि मालकाने नेमका तोच वळू लावला. जी कालवड झाली ती ही नखरी. तिच्या जन्मापासून आक्काच्या मनात ते सलत होतं. मुद्दाम केलं मेल्याने, माझ्या नाकावर टिच्चून केलं.

नखरीला आक्काने बाटलीने दूध पाजून वाढवलं. नावाप्रमाणेच होती ती. गव्हाणीत वैरण टाकली की आधी नाकाने लांब गवत बाजूला सारायची, खालचा भरडा चाटूनपुसून खायची, आणि मग गवताकडे असं बघायची, जसं काही ते शेजारणीचं आहे. दुसऱ्या गाईने असं केलं असतं तर आक्काने तिच्या सात पिढ्या काढल्या असत्या. नखरीला ती म्हणायची, "खा बाई, तुला जे रुचेल ते खा."

त्या वर्षी त्याच वळूच्या पोरी एकेक करून व्यायला लागल्या आणि गोठ्यात पोटं सरकायला लागली. हे दुखणं आक्काला चांगलं ठाऊक होतं. गाय व्याली की आत वासराची जागा एकदम रिकामी होते. त्यात तिने लांब चारा खाल्ला नाही आणि दाणाच जास्त गेला, की गाईच्या चार पोटांपैकी चौथ्यात वायू धरतो. मग ते पोट फुगून वर चढतं आणि डाव्या बरगड्यांखाली जाऊन अडकतं. गाय खाणं सोडते, दूध आटतं. गुरांच्या डॉक्टरीणबाई बरगड्यांवर कानाची नळी लावून टिचकी मारतात आणि आतून रिकाम्या पिंपासारखा टण्ण आवाज येतो.

पहिली गाय शिवून वाचली. दुसरी, पांढरी, वाचली नाही. तिला ओढून बाहेर नेलं, तेव्हा आक्का आणि मालक गोठ्याच्या दोन टोकांना उभे होते आणि दोघांच्याही डोळ्यांत पाण्याऐवजी अंगार होता.

"त्या मुडद्याला सांग, त्याच्या वळूने मारली."

मिठ्ठू गेला आणि मान खाली घालून परत आला. "मालक म्हणाले, वैरणीने."

मग ठरलं ते असं. आणखी एका गाईचं पोट सरकलं तर आक्काने वैरणीच्या खोलीची किल्ली सोडायची, त्या कामाला पगारी माणूस ठेवला जाईल. हा मालकाचा निरोप. आणि सरकलं नाही तर तो वळू या गोठ्यातून कायमचा बंद. हा आक्काचा. पुढची व्यायची पाळी नखरीची होती.

नखरी पहाटे व्याली. सुटका सोपी झाली, वासरू लगेच उठलं. आक्काने कंबर कसली. आपल्या वैरणीला नावं ठेवतो काय, आता दाखवते, असं म्हणून तिने उत्तमातलं उत्तम काढलं. तेवढ्यात मिठ्ठू बादली हलवत आला.

"मालक म्हणाले, खुराकाकडे लक्ष असू द्या."

आक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लक्ष असू द्या? हयात गेली माझी या खोलीत, आणि हा चोपडीतला किडा मला सांगतो लक्ष असू द्या? "त्याला सांग," ती ओरडली, "माझ्या नखरीला मी असं खाऊ घालेन की त्याचे डोळे दिपतील!" आणि दाणा जास्त गेला की काय होतं हे ठाऊक असूनही तिने इरेला पेटून भरड्याचं माप शीग लावून भरलं. दुसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. नखरी नाकाने गवत सारत होती, भरडा खात होती, आणि दूध असं सुटलं होतं की मिठ्ठूही तोंडभर हसला. आक्का गोठ्यातून मान ताठ करून फिरत होती.

मग एका सकाळी नखरीने भरड्याला तोंड लावलं नाही.

आक्काने गव्हाण साफ केली, ताजा भरडा टाकला. नखरीने हुंगून मान फिरवली. तिच्या श्वासाला गोडसर, विचित्र वास येत होता. आक्काने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. तिने डाव्या बरगड्यांवर कान टेकवला आणि बोटाने टिचकी मारली.

टण्ण.

ती तशीच कान लावून उभी राहिली. तिला पहिलं काय सुचलं असेल, तर किल्ली. गाय नंतर. हे तिला स्वतःलाच कळलं आणि तिला स्वतःची किळस आली, तरी ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली नाही. कदाचित आपोआप उतरेल. गवत खाल्लं तर उतरेल. ती दिवसभर नखरीच्या तोंडापुढे गवताची काडी काडी धरत बसली, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. नखरीने खाल्लं नाही. संध्याकाळी मिठ्ठूने दुधाच्या बादलीत पाहिलं आणि मग आक्काकडे पाहिलं.

"तोंड उघडलंस तर जीभ हासडेन," आक्का म्हणाली.

"आक्का, मालकांना सांगायला..."

"नाही म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी नखरी उभ्या उभ्या दात करकरा चावत होती. डोळे खोल गेले होते. पांढरी मरायच्या आदल्या दिवशी अशीच दात चावत होती. आक्काने तो आवाज ऐकला. किल्ली गेली खड्ड्यात, असं मोठ्यांदा म्हणून तिने स्वतःच डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाई उंचापुऱ्या, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. आल्या, टिचकी मारली, ऐकलं आणि आक्काकडे वळल्या. मालकही येऊन उभा राहिला होता, चार हात लांब, नजर दुसरीकडे लावून.

"कधीपासून खात नाही?"

"कालपासून," आक्का म्हणाली.

"काल का नाही बोलावलंत?"

आक्काचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"व्यायल्यावर भरडा हळूहळू चढवला की एकदम?"

"एकदम."

"अहो, या वळूच्या पोरी! यांची पोटं आधीच सरकायला टपलेली. यांना व्यायल्यावर आधी लांब गवत, मग थोडा थोडा दाणा. एवढं माहीत नव्हतं तुम्हाला?"

"मी बजावून निरोप दिला होता," मालक डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "हेच सांगितलं होतं. गवत आधी, भरडा हळूहळू. पण ऐकायची सवय असेल तर ना."

"खोटं बोलतोय तो!" आक्काही डॉक्टरीणबाईंनाच म्हणाली. "निरोप आला तो एवढाच, की खुराकाकडे लक्ष असू द्या. आणि लक्ष मी देणारच, त्यासाठी याच्या परवानगीची गरज नव्हती! उलट मीच याला सांगितलं होतं, हिच्या आईला हा वळू लावू नकोस म्हणून."

"मला निरोप आला तो, वळू जरा बघून आणा," मालक म्हणाला. "मी बघून आणला. होता त्यातला सगळ्यात भारी आणला."

मग सगळ्यांच्या नजरा मिठ्ठूकडे गेल्या. मिठ्ठू नखरीच्या डोक्याशी उभा होता. त्याने तिच्या कानामागे तोंड लपवायचा प्रयत्न केला.

"मेल्या," आक्का हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा भयंकर होता. "मालक काय म्हणाला होता? जसंच्या तसं सांग."

"म्हणाले... त्या थेरडीला सांग... माफ करा आक्का... त्या थेरडीच्या डोक्यात भुसा भरलाय, पण एवढं सांग, की या वळूच्या पोरींना आधी गवत घालायचं आणि भरडा हळूहळू चढवायचा, नाहीतर आणखी एक मारेल आणि बोंबलत बसेल. असं म्हणाले."

"मग मला तसं का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू आक्का? सगळ्या शिव्याच होत्या. तुमच्याही तशाच असतात. मी त्या गाळून सांगायचो. आधीपासूनच. घरात आणखी पेटायला नको म्हणून." तो नखरीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. "गाळताना तेही गळलं. पांढरी व्याली तेव्हाही त्यांनी हाच निरोप दिला होता."

आक्काने गोठ्यातल्या त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पांढरीचा दोर अजून खुंटीला तसाच होता. इतकी वर्षं एका ओळीत वाटेला लावणारा माणूस तिचा भाऊ नव्हताच. हा थेरडी म्हणणारा, भुसा म्हणणारा, हाच तिचा भाऊ होता, आणि तिने एकदाही गोठा ओलांडून जाऊन विचारलं नव्हतं, की तू नक्की काय म्हणालास? मिठ्ठूचा गळा दाबावा असं तिला वाटलं. त्याहून जास्त आपलाच दाबावा असं वाटलं.

"भांडणं नंतर," डॉक्टरीणबाई कडाडल्या. "गाय मरतेय. हिला खाली पाडून पाठीवर घ्यायची आहे. पाठीवर आली की पोट तरंगत मधे येतं, तेव्हाच मला टाका घालता येतो. मालक, पुढच्या पायांचा दोर. आक्का, तुम्ही मागच्यांचा. मिठ्ठू, डोकं सोडायचं नाही. दोघांनी एका दमात ओढायचं."

नखरीला दोरांनी खाली बसवलं, कुशीवर घेतलं. मालकाने दोर ओढला. आक्काने ओढला तो त्यानंतर. गाय अर्धी वळली, पाय झाडले आणि धप्पकन परत कुशीवर पडली. दुसऱ्यांदा आक्काने आधी ओढलं. पुन्हा तेच. नखरी घोगरं हंबरली.

"मिठ्ठू," मालक दात ओठ खात म्हणाला, "तिला सांग..."

"मी नाही सांगणार!" मिठ्ठू रडत रडत ओरडला. त्याचे दोन्ही हात गाईच्या मानेभोवती होते. "आता मी कुणाला काही सांगणार नाही! तुमचं तुम्ही बोला!"

नखरी दात चावत होती.

"आक्का!" मालक गरजला. "ओढ, थेरडे, मी तीन म्हटलं की ओढ!"

"मोज मग, मुडद्या! बघत काय बसलास?"

"एक... दोन... तीन!"

दोघांनी एका दमात ओढलं. नखरी पाठीवर आली, चारही पाय वर, आणि तिचं मोठं फिकट पोट छताकडे झालं. "धरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसल्या. टिचकी मारून जागा शोधली, टोकदार नळी खुपसली. आतून सूं करून आंबट वारा सुटला आणि आक्काच्या तोंडावर आला. तिने डोळे मिटले नाहीत.

"ढिला सोडतेस," मालक म्हणाला.

"तूच सोडतोयस. तुझ्या अंगात जोर कधी होता?"

"तुझ्या जिभेत आहे तेवढा नाही."

"गप्प बसा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या दोघांनी दोर सोडला नाही आणि बोलणंही सोडलं नाही. टाके पडेपर्यंत ते एकमेकांच्या उरावर बसत होते. वर्षानुवर्षांचं तुंबलेलं, चहातली साखर, पाहुणे, आईचं आजारपण, सगळं दोन दोरांच्या मधून, नखरीच्या पोटावरून, इकडून तिकडे जात होतं. मिठ्ठू गाईच्या मानेला मिठी मारून मुसमुसत होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

नखरीला पलीकडच्या कुशीवर घेतलं, दोर काढले. ती बराच वेळ नुसती पडून होती. मग पुढचे गुडघे टेकले, धडपडली आणि उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांवर टिचकी मारली. आवाज आला नाही.

"वळू पण आणि वैरण पण," हात धुताना त्या म्हणाल्या. "एकाने पोट सरकायची तयारी केली, दुसऱ्याने ते सरकवलं. हिला जगवायची असेल तर दोघांनी तोंडं उघडी ठेवा." आणि त्या गाडीत बसून निघून गेल्या.

आक्काने कमरेची किल्ली सोडली. गाठ जुनी होती, सुटता सुटेना. मग ती गोठ्याची वाट ओलांडून, मधे कुणालाही न पाठवता, सरळ भावासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केला.

"घे. ठरल्याप्रमाणे. पोट सरकलं."

मालकाने किल्लीकडे पाहिलं. "माझा वळूही गेलाच. तो उद्यापासून बंद."

"ते तू आधीच करायला हवं होतंस."

"ठेव ती तुझ्याकडे. पगारी माणूस ठेवला तर तू त्याला दोन दिवस टिकू देशील का?" तो थुंकला आणि हाताने तोंड पुसलं. "पण यापुढे जे सांगायचं ते मी स्वतः येऊन सांगणार."

"ये," आक्का म्हणाली. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. "पण शिव्यांसकट ये. एक शब्द गाळलास तर याद राख."

मालकाने तिथेच सुरुवात केली. पांढरीपासून सुरुवात केली, आणि आक्का मधे एकदाही न तोडता शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.